रिटेल आर्बिट्राज: हिशोब शेल्फसमोर उभं राहूनच करायचा

आर्बिट्राज म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी शेअर बाजारातलं अवघड प्रकरण असणार. तसं नाहीये. एकच वस्तू इकडे स्वस्त आणि तिकडे महाग असेल तर इकडून घ्यायची, तिकडे विकायची, मधला फरक आपला. रिटेल आर्बिट्राज म्हणजे हेच, फक्त माल साध्या दुकानातून, कुठल्याही गिऱ्हाइकासारखा बिल करून घ्यायचा आणि अमेझॉन, ईबे असल्या ठिकाणी विकायचा. ना होलसेलचा करार, ना गोडाऊन.

आता हा फरक पडतोच कसा? दुकानदाराला शेल्फ रिकामं करायचं असतं. सीझन संपला, पॅकिंग बदललं, नवीन मॉडेल आलं की जुना माल तो पडेल भावात काढतो. पण त्या मालाची गरज संपलेली नसते! प्रिंटरच्या शाईचंच बघा ना, दुकानात जुन्या मॉडेलचं कार्ट्रिज धूळ खात पडलेलं असतं, आणि कुठेतरी कुणाचा तो जुना प्रिंटर अजून मस्त चालतोय, त्याला नेमकं तेच कार्ट्रिज हवंय आणि त्याच्या जवळपास ते मिळत नाहीये. त्याची सोय होते, आपल्याला पैसे मिळतात. म्हणूनच मला हा धंदा मनापासून आवडतो.

अमेझॉनने 2000 साली बाहेरच्या विक्रेत्यांना आपल्या साइटवर जागा दिली आणि 2006 मध्ये एफबीए आणलं, म्हणजे माल त्यांच्या गोडाऊनला पाठवा, पॅकिंग-डिलिव्हरी ते बघतील, पैसे अर्थात घेणारच. तेव्हापासून एकट्या माणसालाही हे जमायला लागलं.

तर करायचं कसं. क्लिअरन्सच्या शेल्फसमोर उभं राहायचं, फोनवर सेलर अ‍ॅप उघडायचं आणि बारकोड स्कॅन करायचा. समोर लिस्टिंग, म्हणजे त्या वस्तूचं साइटवरचं पान येतं, आणि इथेच घाई होते, किंमत बघून डोळे चमकतात आणि हात लगेच ट्रॉलीकडे जातो. थांबा जरा. आधी बघा वस्तू तीच आहे का, रंग तोच, साइज तीच, आणि मुख्य म्हणजे नगांची संख्या तीच का. लिस्टिंग दोनाच्या पॅकचं असतं आणि आपल्या हातात एकच नग असतो, हे फार होतं. खाण्याचं किंवा अंगाला लावायचं काही असेल तर एक्सपायरी बघा, माल गोडाऊनला पोचून विकेपर्यंत दिवस जातात. डबा फाटलाय का, जुन्या किमतीचं स्टिकर निघतंय का, हेही तिथेच बघून घ्या, घरी गेल्यावर बघून काय उपयोग.

मग भावाचा इतिहास. कीपा नावाचं टूल आहे, त्यात वस्तूचा अमेझॉनवरचा भाव मागच्या काही महिन्यांत कसा वरखाली झाला त्याचा ग्राफ दिसतो. आजचा भाव चढलेला असेल पण वर्षभर निम्म्याला विकत असेल तर ती वस्तू सोडा. ईबेवर विकणार असाल तर लोक किती मागतायत ते बघू नका, सोल्ड आयटम्सचा फिल्टर लावा आणि खरंच कितीला गेलं ते बघा. मागायला काय, कोणीही काहीही मागतो.

आता आकडे, इथेच नवीन लोक फसतात. समजा वस्तू 100 ला मिळाली आणि 200 ला विकली जाते. डबल झाले वाटतं ना? अमेझॉनची रेफरल फी, म्हणजे प्रत्येक विक्रीमागे कापलं जाणारं कमिशन, बऱ्याच कॅटेगरीत 15 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे 30 गेले. पॅकिंग, पाठवणं यांचे वेगळे 40 धरा. उरले 130, खरेदी वजा केली की हातात 30. आता 10 नगांत 1 परत आला, तोही विकता न येण्यासारखा, तर त्याची खरेदी आणि पाठवणी मिळून 140 बुडाले (रेफरल फी परत मिळाली असं धरून), बाकी 9 नगांचे 270 मिळाले, म्हणजे सगळे मिळून 130. नगामागे फक्त 13! टॅक्स अजून धरलाच नाहीये. हे गणित बिलिंग काउंटरवर जायच्या आधी झालं पाहिजे, कारण विकताना भाव आपल्या हातात नसतो, घ्यायचं की नाही तेवढंच आपल्या हातात असतं.

मी हे पैसे घालवून शिकले. एक बोर्ड गेम सेलमध्ये दिसला, मार्जिन दणदणीत, मी एकदम 24 डबे उचलले. पण तोच सेल त्या दुकानाच्या सगळ्या शाखांत लागलेला, आठवड्यात त्या लिस्टिंगवर विक्रेत्यांची रांग लागली, प्रत्येक जण थोडा थोडा भाव पाडत गेला आणि शेवटी मी खरेदीच्या खाली विकले. तेव्हापासून नवीन वस्तू असेल तर 2-3 नगच घेते, विकले तर परत जाते. आणि महिन्यात विकून 30 देणारी वस्तू आठ महिने पडून 50 देणाऱ्या वस्तूपेक्षा मला कधीही चालेल, तेच पैसे परत फिरवता येतात.

कायद्याचं विचारतात बरेच जण. अमेरिकेत 1908 साली सुप्रीम कोर्टापुढे एक केस आली होती, प्रकाशकाने पुस्तकातच छापलं होतं की 1 डॉलरच्या खाली विकायचं नाही, एका मोठ्या दुकानाने 89 सेंटला विकलं. कोर्ट म्हणालं, एकदा विकलंत की पुढच्या विक्रीवर तुमचा हक्क नाही. ओरिजिनल माल परत विकण्यामागचं तत्त्व ते हेच, बाकी नियम देशोदेशी वेगळे, आपल्या देशाचे बघून घ्या. पण साइटचे नियम अजून वेगळे असतात, काही ब्रँड परवानगीशिवाय विकताच येत नाहीत, म्हणून घ्यायच्या आधी अ‍ॅपमध्ये तेही तपासा. आणि अडचणीच्या काळात गरजेच्या वस्तूंचा साठा करू नका. मार्च 2020 मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात दोन भावांनी सॅनिटायझरच्या 17,700 बाटल्या जमवल्या, अमेझॉनने विक्री बंद केली, सरकारी चौकशी लागली आणि माल दान करावा लागला. मला तर तो धंदाच वाटत नाही.

पावत्या मात्र जपा. माल खरा आहे का अशी तक्रार आली तर साइट घाऊक विक्रेत्याचं इनव्हॉइस मागते आणि दुकानाची पावती बऱ्याचदा मानत नाही, तरी माल परत करायला आणि टॅक्सला तीच लागते. तो कागद थर्मल असतो, काही महिन्यांत अक्षरं उडतात, त्यामुळे त्याच दिवशी संध्याकाळी फोटो काढून ठेवा.