आजच्या रशियाची सत्ता आणि विचारसरणी : पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत

मराठवाड्यातील महाविद्यालयांत राज्यशास्त्र शिकणारे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे उमेदवार आणि तालुक्याच्या वाचनालयांत अभ्यासमंडळ चालवणारे वाचक यांच्याकडून फेब्रुवारी २०२२ नंतर, म्हणजे युक्रेनवरील आक्रमणानंतर, एक विचारणा सातत्याने होत आली आहे. रशियाची आजची सत्ता समजून घेण्यासाठी नेमके कोणते पुस्तक वाचावे, अशी ती विचारणा असते. एका पुस्तकाने हे काम भागत नाही आणि त्याचे कारण विषयाच्या स्वरूपातच आहे. सोव्हिएत काळात सत्तेची विचारसरणी अधिकृत, छापील आणि पाठ्यपुस्तकात बसणारी होती. त्यानंतरच्या रशियात मात्र सत्ता आधी स्थिरावली आणि तिला आधार देणारे विचार पुढे, प्रसंगाच्या गरजेप्रमाणे, वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवण्यात आले, असे माझे मत आहे. हे मत ग्राह्य धरले तर वाचनाचा क्रमही त्यानुसार ठरतो : आधी मूळ दस्तऐवज, मग सत्तेची यंत्रणा सांगणारी पुस्तके आणि सर्वांत शेवटी विचारवंत. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. रशियन राष्ट्रवादी विचारवंत अलेक्सांद्र दुगिन यांचे नाव दूरचित्रवाणीवरील चर्चेत ऐकलेले असते, त्यांच्यापासून सुरुवात केली जाते आणि क्रेमलिनमधील प्रत्येक निर्णय त्यांच्याच लेखनातून निघाला आहे, असा समज घट्ट होऊन बसतो.

सुरुवात रशियाच्या राज्यघटनेपासून करावी. ती फार मोठी नाही आणि तिचा इंग्रजी अनुवाद विनामूल्य उपलब्ध आहे. वाचताना १९७७ च्या सोव्हिएत राज्यघटनेतील सहावे कलम शेजारी ठेवावे. त्या कलमाने कम्युनिस्ट पक्षाला समाजाची मार्गदर्शक शक्ती ठरवले होते आणि मार्च १९९० मध्ये ही मक्तेदारी काढून टाकण्यात आली. १२ डिसेंबर १९९३ च्या सार्वमताने स्वीकारलेल्या राज्यघटनेचे तेरावे कलम त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला जाते : वैचारिक विविधता मान्य आहे आणि कोणतीही विचारसरणी राज्याची किंवा सक्तीची म्हणून प्रस्थापित करता येणार नाही. हे कलम आजही जसेच्या तसे आहे. ते पहिल्या प्रकरणात असल्यामुळे नेहमीच्या दुरुस्तीच्या मार्गाने बदलता येत नाही, त्यासाठी घटनासभाच बोलवावी लागते. म्हणूनच २०२० च्या घटनादुरुस्त्या वाचताना मजकुराइतकेच त्याच्या जागेकडेही लक्ष द्यावे. पूर्वजांनी दिलेले आदर्श व ईश्वरावरील श्रद्धा, हजार वर्षांचा इतिहास आणि ‘ऐतिहासिक सत्याचे’ संरक्षण हे सगळे ६७.१ या नव्या कलमात, म्हणजे संघराज्याच्या रचनेविषयीच्या तिसऱ्या प्रकरणात घालण्यात आले. पहिल्या प्रकरणाला हात न लावता विचारसरणीचा आशय दुसऱ्या दाराने आत आणण्याची ही रीत एकदा ध्यानात आली की पुढचे अनेक दस्तऐवज आपोआप उलगडू लागतात. त्याच दुरुस्त्यांनी पुतिन यांच्या आधीच्या कार्यकाळांची मोजणी शून्यावर आणली, म्हणजे त्यांना पुन्हा निवडणूक लढवण्याची वाट मोकळी केली, हेही त्याच पानावर टिपून ठेवावे.

या दस्तऐवजांसाठी एक वही करावी. डाव्या पानावर वर्ष व मजकूर आणि उजव्या पानावर त्याच सुमारास सत्तेच्या रचनेत काय घडले, अशी नोंद ठेवावी. ३० डिसेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘सहस्रकाच्या उंबरठ्यावरील रशिया’ या लेखात पुतिन यांनी अधिकृत राज्य-विचारसरणीला विरोध दर्शवला होता, मात्र त्याच लेखात देशभक्ती, महासत्तापण, बळकट राज्य आणि सामाजिक एकजूट यांना रशियाची पारंपरिक मूल्ये म्हटले होते. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष येल्त्सिन यांनी राजीनामा दिला आणि पुतिन हंगामी अध्यक्ष झाले. उजव्या पानावर पुढे मे २००० मधील सात संघीय जिल्हे (प्रांतांचे गट करून प्रत्येकावर अध्यक्षांचा प्रतिनिधी नेमण्याची व्यवस्था), ऑक्टोबर २००३ मधील तेलसम्राट खोदोरकोव्स्की यांची अटक आणि बेस्लानच्या शाळेतील ओलीसकांडानंतर २००४ च्या अखेरीस प्रांतांच्या गव्हर्नरांच्या थेट निवडणुका रद्द होणे, या नोंदी येतील. क्रेमलिनमधील अधिकारी व्लादिस्लाव सुर्कोव्ह यांनी ‘सार्वभौम लोकशाही’ ही कल्पना, म्हणजे रशियाची लोकशाही बाहेरच्यांच्या दबावाविना रशियाच ठरवील हा विचार, मांडली ती २००६ मध्ये, म्हणजे ही सगळी व्यवस्था उभी राहिल्यानंतर. तारखा अशा समोरासमोर ठेवल्या की आधी काय आले आणि मागाहून काय आले, याचा निवाडा वाचकाला स्वतःच करता येतो. नोव्हेंबर २०२२ मधील पारंपरिक आध्यात्मिक-नैतिक मूल्यांविषयीचा अध्यक्षीय हुकूम क्रमांक ८०९ आणि सप्टेंबर २०२३ पासून विद्यापीठांत सुरू झालेला ‘रशियन राज्यत्वाची पायाभूत तत्त्वे’ हा अभ्यासक्रम या नोंदी वहीच्या शेवटच्या पानांवर येतील. तेथे माझ्या मताला धक्का बसण्याचीही शक्यता आहे, कारण युद्धानंतर विचारसरणी केवळ सजावट राहिली आहे की स्वतंत्र बळ धरू लागली आहे, याविषयी अभ्यासकांत खरा वाद आहे.

यंत्रणेविषयीच्या पुस्तकांकडे वळताना मराठीपासून आरंभ करण्यात कमीपणा मानू नये. गोविंद तळवलकर यांच्या ‘सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त’ या ग्रंथाने पूर्वपीठिका पक्की होते आणि गिरीश कुबेर यांचे पुतिन यांच्यावरील पुस्तक नावे व घटना यांची ओळख करून देते. ही ओळख नसताना इंग्रजी पुस्तक हाती घेतले तर पहिल्या पन्नास पानांतच आडनावांची गर्दी होते आणि वाचन थांबते. त्यानंतर फिओना हिल व क्लिफर्ड गॅडी यांचे ‘मिस्टर पुतिन’ घ्यावे, पण २०१५ ची वाढवलेली आवृत्ती मिळवावी, कारण पहिली आवृत्ती क्रायमिया ताब्यात घेतला जाण्यापूर्वीची, २०१३ ची आहे. हिल यांनी पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत काम केले, ही गोष्ट वाचताना स्मरणात असावी. मिखाईल झिगार यांचे ‘ऑल द क्रेमलिन्स मेन’ दरबारातील माणसांच्या अंगाने तोच काळ सांगते. त्यात विचारसरणी जवळजवळ दिसतच नाही. दिसतात त्या भीती, हेवेदावे आणि ऐनवेळी घेतलेले निर्णय. टिमथी फ्राय यांचे ‘वीक स्ट्राँगमन’ या दोहोंवर चांगला उतारा आहे. सर्वेक्षणे व तुलनात्मक अभ्यास यांच्या आधारे फ्राय दाखवतात की रशियातील राजवट अनेक बाबतींत इतर व्यक्तिकेंद्री हुकूमशाह्यांसारखीच वागते आणि प्रत्येक गोष्टीचे उत्तर पुतिन यांच्या स्वभावात किंवा रशियन आत्म्यात शोधण्याचे कारण नाही. एवढ्या मोठ्या यादीतून एकच पुस्तक विकत घेण्याइतके पैसे असतील तर हे घ्यावे.

पैसा आणि सत्ता यांच्या संबंधाविषयीची पुस्तके वाचताना प्रकाशनाचा इतिहासही वाचावा. कॅरन डॉविशा यांचे ‘पुतिन्स क्लेप्टोक्रसी’ २०१४ मध्ये अमेरिकेत निघाले, कारण ब्रिटनमधील बदनामीच्या कायद्याच्या धास्तीने केंब्रिजच्या विद्यापीठ प्रकाशनाने ते छापण्यास नकार दिला होता. कॅथरीन बेल्टन यांच्या २०२० च्या ‘पुतिन्स पीपल’वर लंडनमध्ये दावे झाले आणि रशियन धनाढ्य उद्योगपती अब्रामोविच यांच्याशी झालेल्या तडजोडीनंतर पुढील आवृत्त्यांतील काही मजकूर बदलण्यात आला. तेव्हा अशा पुस्तकातून उतारा घेताना कोणती आवृत्ती हाती आहे, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नये. निबंध तपासणारे प्राध्यापक ही नोंद क्वचितच मागतात, पण ती असलेला निबंध लगेच वेगळा ओळखू येतो.

विचारवंतांकडे आता यावे. झारचे शिक्षणमंत्री उवारोव्ह यांनी १८३३ मध्ये मांडलेले सनातनी ख्रिस्ती धर्म, झारची निरंकुश सत्ता आणि राष्ट्रीय लोकपरंपरा हे त्रिसूत्र, १९२१ मध्ये सोफियात जमलेल्या रशियन निर्वासितांचा युरेशियावाद (रशिया हा युरोप व आशिया यांहून वेगळा, स्वतंत्र संस्कृतिप्रदेश आहे, हा विचार), सोव्हिएत इतिहासकार लेव गुमिल्योव यांची वंशसमूहांच्या चैतन्याविषयीची कल्पना आणि दुगिन यांचे १९९७ चे भूराजनीतीवरील पुस्तक हा पट थोडक्यात पाहिला तरी पुरे. अधिक वेळ द्यावा तो तत्त्वज्ञ इवान इल्यिन यांच्याभोवतीच्या वादाला. इल्यिन यांना १९२२ मध्ये बोल्शेविकांनी देशाबाहेर काढले, २००५ मध्ये त्यांचे अवशेष मॉस्कोत आणून पुन्हा दफन करण्यात आले आणि ३० सप्टेंबर २०२२ रोजी युक्रेनचे चार प्रांत जोडून घेतल्याची घोषणा करणाऱ्या भाषणाचा शेवट पुतिन यांनी इल्यिन यांच्याच वचनाने केला. टिमथी स्नायडर यांनी ‘द रोड टू अनफ्रीडम’मध्ये इल्यिन यांना राजवटीच्या विचारविश्वात मध्यवर्ती स्थान दिले आहे. मार्लेन लारुएल यांनी ‘इज रशिया फॅसिस्ट?’मध्ये हे स्थान फुगवलेले असल्याचे आणि फॅसिस्ट हा शिक्का विश्लेषणापेक्षा आरोपाचे काम अधिक करतो, असे प्रतिपादन केले आहे. ही दोन पुस्तके एकत्रच वाचावीत. स्नायडर यांचा प्रत्येक मोठा दावा वहीत लिहून त्यापुढे लारुएल यांचे उत्तर लिहावे, आणि उत्तर सापडत नसेल तेथे जागा रिकामी सोडावी. स्नायडर अधिक वाचनीय आहेत, लारुएल अधिक सावध आहेत. वाचनीयतेला पुरावा समजण्याचा मोह येथे आवरावा लागतो. मात्र लारुएल यांचे पुस्तक २०२१ चे, म्हणजे पूर्ण युद्धाच्या आधीचे आहे, हेही त्यांच्या बाजूने निकाल देण्यापूर्वी पाहावे.

सत्ता आणि इतिहासलेखन यांचा संबंध मराठवाड्याच्या वाचकाला नव्याने समजावून सांगावा लागत नाही. सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादच्या विलीनीकरणाचा वृत्तांत निजामाच्या बाजूचे लेखन, स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी आणि शासकीय कागदपत्रे यांत एकसारखा येत नाही आणि त्यानंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. ज्यांनी हे तिन्ही प्रकारचे लेखन समोर ठेवून वाचले आहे त्यांनी तीच सवय रशियाच्या बाबतीत वापरावी. १२ जुलै २०२१ रोजीचा रशियन व युक्रेनी लोकांच्या ऐतिहासिक ऐक्याविषयीचा पुतिन यांचा लेख वाचताना त्यात काय सांगितले आहे, यापेक्षा काय गाळले आहे, याची यादी करावी. स्टालिनकालीन दडपशाहीची नोंद ठेवणाऱ्या ‘मेमोरियल’ या संस्थेच्या विसर्जनाचा आदेश रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला आणि पुढच्याच वर्षी त्या संस्थेला नोबेल शांतता पुरस्कार विभागून मिळाला. हा आदेश आणि घटनेतील ‘ऐतिहासिक सत्य’ हे शब्द वहीत समोरासमोर लिहावेत. २०२३ मध्ये रशियन शाळांत आलेले मेदिन्स्की व तोर्कुनोव्ह यांचे इतिहासाचे पाठ्यपुस्तकही संदर्भग्रंथ म्हणून न वाचता दस्तऐवज म्हणूनच वाचावे.

सामान्य माणसांसाठी स्वेतलाना अलेक्सिएविच यांचे ‘सेकंड-हँड टाइम’ आहे. ते क्रमाने वाचण्याची गरज नाही, पण यंत्रणेच्या पुस्तकांच्या अधूनमधून वाचावे, म्हणजे नव्वदच्या दशकातील हलाखी आणि अपमान यांची जी स्मृती सत्तेने पुढे वापरली ती खरोखरच कोणाची होती, हे कळते.

पुस्तके मिळवण्याचा प्रश्न आपल्या भागात खरा आहे. यांतील बहुतेक इंग्रजी पुस्तके जिल्ह्याच्या दुकानांत मिळत नाहीत आणि नवी प्रत महाग पडते. महाविद्यालय ‘एन-लिस्ट’ योजनेचे सदस्य असेल तर ग्रंथपालांकडून खाते उघडून घ्यावे. त्यातून विद्यापीठ प्रकाशनांची अनेक ई-पुस्तके व नियतकालिके वाचता येतात आणि पुस्तक नसले तरी त्याच लेखकाचा संशोधनलेख बहुधा सापडतो. छत्रपती संभाजीनगर व नांदेड येथील विद्यापीठ ग्रंथालयांत बाहेरच्या वाचकांसाठी काय नियम आहेत, याची चौकशी जाण्यापूर्वीच करावी. शासनमान्य वाचनालयाच्या खरेदी यादीत एखादे पुस्तक सुचवताना चार-पाच सभासदांच्या सह्यांचा अर्ज दिलेला बरा.

अभ्यासमंडळात वाचणार असाल तर प्रत्येक बैठकीत एक दस्तऐवज आणि एका पुस्तकातील एकच प्रकरण, एवढेच ठेवावे. दस्तऐवज मोठ्याने वाचावा, प्रकरण सर्वांनी घरून वाचून यावे आणि मांडणी करणाऱ्याने लेखकाचे मत व स्वतःचे मत वेगवेगळे सांगावे. रशिया आपला जुना मित्र की आक्रमक, हा वाद पहिल्याच बैठकीत निघेल. त्याला वेगळी बैठक द्यावी आणि तीही वहीचे शेवटचे पान भरून झाल्यावर.