तीन डब्या आणि आटपाट नगर

रोज थोडं लिहायचं ठरवलं की माणूस बहुतेकदा पहिल्या वाक्यापाशीच अडतो. श्रावणातल्या कहाण्यांनी ही अडचण केव्हाच सोडवून ठेवली आहे. 'आटपाट नगर होतं' म्हटलं की गोष्ट सुरू, 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हटलं की संपली. दोन्ही टोकं आयती मिळतात, मधलं तेवढं आपलं. पुढचा खेळ याच साच्यावर उभा आहे. एकट्यालाही खेळता येतो, पण घरातली दोन-चार माणसं बसली तर फार रंगतो.

झाकणाच्या तीन डब्या घ्या, पाठकोऱ्या कागदाच्या 36 चिठ्ठ्या आणि एक शंभर पानी वही. पहिल्या डबीत 12 माणसं, दुसरीत 12 जागा, तिसरीत 12 वस्तू. प्रत्येकीतून एक चिठ्ठी काढायची. अशा 1,728 जुळण्या होतात, म्हणजे सामान लवकर संपत नाही.

खरी मेहनत चिठ्ठ्या लिहिण्यात आहे, तिथे घाई करू नका. 'राजा', 'जंगल', 'तलवार' लिहिलंत तर गोष्ट आधी ऐकलेल्या वाटेनेच जाते, कारण त्या शब्दांबरोबर त्यांची गोष्टही येते. त्याऐवजी डोळ्यांनी पाहिलेलं लिहा: रद्दीवाला, पिठाची गिरणी, एसटी स्टँडचा फलाट, दांडी तुटलेली छत्री, एकच चप्पल. एका डबीत निदान दोन चिठ्ठ्या तरी अशा हव्यात की वाचताक्षणी 'याचं काय करायचं?' असं वाटावं.

चिठ्ठ्या निघाल्या की बदलायच्या नाहीत. हा नियम सैल केला की माणूस सोयीची जुळणी येईपर्यंत काढतच राहतो आणि लिहायचं राहून जातं. मोबाइलवर 10 मिनिटांचा गजर लावा. तेवढ्या वेळात खाडाखोड नाही, मागचं वाचणं नाही. शब्द आठवला नाही तर रिकामी रेघ ओढून पुढे जा.

आता मधला भाग. कहाणीत कुणीतरी वसा देतं आणि बजावतं, 'उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस.' पुढे वसा टाकला जातो, त्याचं फळ मिळतं, मग चूक उमगते. गोष्ट पुढे ढकलणारं इंजिन हेच आहे. म्हणून पहिल्या चार वाक्यांतच पात्राला एक नियम द्या. समजा रद्दीवाला, फलाट आणि एकच चप्पल निघाली:

'आटपाट नगर होतं. तिथं एक रद्दीवाला होता. तो सगळं तोलून घेई, पण जोडीतलं एकटं काही घेत नसे. एके दिवशी फलाटावर त्याला एक चप्पल दिसली.'

इथून गोष्ट आपणहून चालते, कारण तो ती चप्पल घेणार हे ऐकणाऱ्याला कळलेलं असतं. नियम जितका बारीक आणि विचित्र, तितकं बरं. 'खोटं बोलू नकोस' असा मोठा नियम दिला की गोष्टीचं प्रवचन होतं.

गजर वाजला की वही मिटा आणि गोष्ट न वाचता सांगा. ऐकणाऱ्याने फक्त हुंकार द्यायचा. हुंकार जिथे थंडावतो, तिथे गोष्ट लांबली आहे. ती जागा नंतर पेन्सिलीने खुणावून ठेवा. मुलांच्या गोष्टीतल्या शुद्धलेखनाच्या चुका या वेळी अजिबात काढू नका. एकदा लाल खूण झाली की पुढच्या वेळी मूल फक्त येत असलेले शब्द लिहितं, आणि गोष्ट तिथेच आटते.

हमखास बिघडतं ते शेवटी: सुचलं नाही की 'आणि तो स्वप्नातून जागा झाला'. यावर बंदी घाला. शेवट अडला तर 'सुफळ संपूर्ण' म्हणून मोकळं व्हा, अर्धवट गोष्टही चालते.

आठवड्यातून एकदा जुनी गोष्ट काढा आणि खरंच 'पाचा उत्तरी' करा: पूर्ण गोष्ट पाच वाक्यांत. पहिल्यांदा विशेषणं गळतात, मग समजावून सांगितलेल्या जागा. वसा आणि तो मोडल्याची जागा मात्र ठेवायचीच. ती सापडत नसेल तर गोष्टीत नियमच दिलेला नव्हता.

महिन्याभराने प्रत्येक डबीतल्या चार जुन्या चिठ्ठ्या काढून चार नव्या घाला. जुन्या फेकू नका, वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवा.