कंपनीचा राउटर बदलून स्वतःचा लावताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात नारायण पेठेत मावशीकडे नवा राउटर बसवला. जुन्या वाड्याच्या जाड भिंतींमुळे मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नव्हतं. अर्ध्या तासात नेट सुरू झालं आणि मी घरी आलो. तिसऱ्या दिवशी मावशीचा मोबाइलवरून फोन: "अरे, लँडलाइन डेड आहे. वन्संनी चारदा लावला म्हणे." तिचं निम्मं गणगोत अजून ०२० च्याच नंबरवर फोन करतं. घोटाळा माझ्या हातून झाला होता. इंटरनेट कंपनीनं बसवलेल्या डब्याचा पासवर्ड माहीत नव्हता, म्हणून मी टाचणीनं रिसेटचं बटण दाबलं होतं. त्यात फोनची सेटिंगही पुसली गेली.

डबा काढू नका, रिसेटही करू नका

आपण ज्याला राउटर म्हणतो तो फायबरचा डबा म्हणजे ओएनटी. तो काचेच्या तारेतून येणाऱ्या प्रकाशाचं इथरनेटमध्ये रूपांतर करतो, आपल्या सिरियल नंबरनं एक्सचेंजला ओळख पटवतो, लॉगिन करतो, वाय-फाय देतो आणि मागच्या छोट्या पोर्टमधून लँडलाइन चालवतो. दुकानातून आणलेला राउटर यातलं लॉगिन आणि वाय-फाय एवढंच करतो. फोनचं लॉगिन तर कंपनी सहसा ग्राहकाला देतच नाही. तेव्हा डबा जागेवरच राहू द्यायचा आणि त्याचं फक्त राउटरचं काम काढून घ्यायचं. यालाच ब्रिज मोड म्हणतात.

कस्टमर केअरला नेमक्या शब्दांत सांगा: "इंटरनेटचं कनेक्शन तेवढं ब्रिज करा, फोनचं आहे तसं ठेवा." नुसतं "ब्रिज करा" म्हटलं तर कधीकधी सगळंच ब्रिज होतं आणि फोन जातो. त्याच फोनवर पीपीपीओईचं (म्हणजे नेटच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (कंपनीच्या लाइनवर नेटला दिलेला क्रमांक) लिहून घ्या. काही ठिकाणी जुन्या उपकरणाचा मॅक ॲड्रेस (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) कंपनीकडे बांधलेला असतो. लॉगिन बरोबर असूनही नेट येत नसेल, तर तो मोकळा करायला सांगा. माणूस घरी आला, तर तो जायच्या आत लँडलाइनवरून एक फोन लावून बघा आणि लँडलाइनवर एक घेऊन बघा. मावशीकडे मी हे केलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

डबा सरकवताना फायबरला घट्ट घडी पडू देऊ नका आणि टोकाला बोट लावू नका. उघड्या टोकात डोकावायचं तर मुळीच नाही, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. हिरवं टोक हिरव्याच सॉकेटमध्ये जातं. एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला, की बिघाड फायबरकडे आहे, राउटरशी खटपट करण्यात अर्थ नाही.

ब्रिज मिळत नसेल तर

मग लोक नवा राउटर तसाच मागे जोडतात. बऱ्याचदा दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असतो, आणि वाय-फाय जोडलेलं दिसतं पण नेट चालत नाही. यावर साधा उपाय म्हणजे नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायचा, म्हणजे तो फक्त वाय-फाय देतो आणि राउटरचं काम डब्याकडेच राहतं. बहुतेक घरांना तेवढं पुरतं. डब्याचं वाय-फाय बंद करा आणि नव्याला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड द्या. म्हणजे टीव्हीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं आपोआप जोडलं जाईल. मात्र पासवर्ड डब्यावर छापलेला किंवा मोबाइल नंबर असेल, तर या निमित्तानं बदलाच.

बाहेरून घरचा कॅमेरा बघता येत नाही म्हणून राउटर बदलत असाल, तर आधी वॅन आयपी, म्हणजे कंपनीनं आपल्या जोडणीला दिलेला पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनी एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आहे. कितीही महाग राउटर आणला तरी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या कॅमेऱ्याकडे वळवणं) चालणार नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला असा कायमचा पत्ता, मागा.

वेग ९४-९५ वर अडकला?

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि वेग शंभराच्या आतच, असं झालं तर दोन डब्यांमधली केबल बदलून पाहा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, एखादी तुटली तरी वेग १०० वर येऊ शकतो. पोर्टच १०० चं नाही ना, तेही बघा. आणि वाड्याच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायकडून फार अपेक्षा ठेवू नका. मावशीकडे शेवटी केबल ओढून राउटर मागच्या खोलीतच ठेवला.

अडॅप्टर आणि गुरुवार

दोन्ही अडॅप्टर १२ व्होल्टचे, पिनही सारखी, म्हणून अदलाबदल होते. एक १ अँपिअरचा आणि दुसरा २ चा असेल आणि २ लागणाऱ्या राउटरला १ चा जोडला, तर तो थोड्या थोड्या वेळानं आपोआप बंद-चालू होत राहतो. अडॅप्टरवर चिठ्ठी चिकटवा.

हे काम गुरुवारी काढू नका. महावितरणची दुरुस्ती पुण्यात बहुधा त्याच दिवशी असते. राउटरसाठी छोटा यूपीएस घेतलात, तर त्यावर कंपनीचा डबाही जोडा. नुसता नवा राउटर चालू राहिला तर वाय-फाय दिसेल, पण नेट नसेल, आणि लँडलाइनही लागणार नाही.