बंद पडलेला डिस्क रेकॉर्डर: जुन्या कॉम्प्युटरमधून काय घ्यायचं, काय नाही

हार्ड डिस्कवाला डीव्हीडी रेकॉर्डर बंद पडला की हमखास ऐकू येतं, "भंगारात घाला, आता कोण वापरतंय?" वापरायचा प्रश्नच नाही. बेळगावातल्या कितीतरी घरांत अशा रेकॉर्डरवर वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुका, बारशी आणि गेलेल्या आजी-आजोबांचं बोलणं पडून आहे. आधी ते वाचवायचं, यंत्राचं नंतर बघू.

सुरुवात पॉवर सप्लायपासून. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये (वीज साठवणाऱ्या उभ्या डबीत) 300 व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. होल्डरमध्ये 40 वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून त्याच्या वायरी कंडेन्सरच्या दोन पायांना टेकवा, तो रिकामा करा आणि मल्टिमीटरने तपासल्याशिवाय आत बोट घालू नका. डोक्यावर फुगलेले छोटे कंडेन्सर डोळ्यांनाच दिसतात. त्यांच्यामुळे 5 व्होल्टची लाइन 4.75 च्या खाली गेली की डिस्क अडखळते आणि लोक धडधाकट डिस्क बदलत बसतात.

इथेच एक चुकीचा सल्ला मिळतो: जुन्या मदरबोर्डवरचे कंडेन्सर काढून लावा. लावू नका. 2000 नंतरच्या काही वर्षांतल्या बऱ्याच मदरबोर्डांवर मुळातच सदोष कंडेन्सर बसले होते, आणि चांगले असले तरी तेही तेवढेच म्हातारे. नवे घ्या: तितक्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचे, 105 अंशांचे, लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेले). जुन्या कॉम्प्युटरकडून घ्यायची ती डिस्क, केबल, जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवर बसणारी छोटी टोपी) आणि नक्कल करायला खुद्द तो कॉम्प्युटर.

आता डिस्क. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, म्हणून सावकाश वाचा.

रेकॉर्डरची डिस्क विंडोजच्या कॉम्प्युटरला लावायचीच नाही. रेकॉर्डर बहुधा स्वतःच्याच पद्धतीने डिस्क मांडतो. विंडोजला ती रिकामी वाटते आणि तो 'इनिशियलाइज करू का?', म्हणजे नव्याने वापरायला तयार करू का, असं विचारतो. एकदा 'हो' म्हटलं की डिस्कच्या सुरुवातीलाच नवी नोंद लिहिली जाते. मग रेकॉर्डर तिला ओळखत नाही आणि फॉरमॅट मागतो. रेकॉर्डिंग आतच असतं, पण तुमच्या हाताला लागत नाही.

म्हणून पेनड्राइव्हवरून किंवा सीडीवरून लिनक्स चालवा आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचवणाऱ्या प्रोग्रामने रेकॉर्डरच्या जुन्या डिस्कची कॉम्प्युटरमधून काढलेल्या, म्हणजे रेकॉर्डरसाठी नव्या, डिस्कवर सेक्टर-न्-सेक्टर (कप्प्या-न्-कप्प्याची) नक्कल करा. जुनी डिस्क थेट मदरबोर्डला जोडा. यूएसबी अडॅप्टर खराब सेक्टरवर अडकून पडतात. नव्या डिस्कचे सेक्टर जुन्या डिस्कइतके किंवा जास्त हवेत. दोन्हींवर 160 जीबी छापलंय एवढ्यावर विसंबू नका, लेबलवरचा एलबीए आकडा (एकूण सेक्टर) जुळवा. मूळ कुठली आणि नक्कल कुठली हे सिरीयल नंबर वाचूनच ठरवा, कागदावर लिहून शेजारी ठेवा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटेल आणि मग कुणाचाच इलाज चालणार नाही. मॅप फाइल (कुठवर नक्कल झाली याची डीडीरेस्क्यूची नोंद) तिसऱ्याच जागी, दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे चालतं. पहिल्या फेरीत खराब जागा सोडून चांगलं तेवढं उचला, खराब जागांकडे नंतर वळा. डिस्कवर टेबल फॅनचा वारा असू द्या.

"फ्रीजात ठेवून बघा की," असं कुणी ना कुणी सांगतंच. खानापूरच्या पावसात कपाटातले कपडे दमट होतात, तिथे गार डिस्क बाहेर काढल्यावर आत काय होईल? पाणी धरतं, आणि उरलीसुरली आशाही जाते. डिस्क टक्-टक् वाजत असेल तर ती लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. पुन्हा पुन्हा चालू करून बघणं म्हणजे उरलेलं रेकॉर्डिंग स्वतःच खरवडून काढणं.

नक्कल झाली की नव्या डिस्कवरचा जंपर जुन्या डिस्कसारखाच लावा, केबल त्याच टोकाला बसवा. काही मॉडेल बदललेली डिस्क आपणहून घेत नाहीत, सर्व्हिस मेनूतून (दुरुस्तीवाल्यांसाठीच्या लपलेल्या मेनूतून) नोंद करावी लागते. अशा वेळी पडद्यावर फॉरमॅटचा प्रश्न आला तर उत्तर 'नाही'.

डीव्हीडी ड्राइव्हचं काम त्यामानाने छोटं. कॉम्प्युटरचा कुठलाही रायटर चालत नाही, बरेच रेकॉर्डर ठराविक मॉडेल आणि फर्मवेअरच (ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम) ओळखतात. आधी लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसून बघा, तरी नाही जमलं तर तेच मॉडेल शोधा.

रेकॉर्डर चालू झाला की त्याच दिवशी हवं ते रेकॉर्डिंग डीव्हीडी-आरवर (एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर) उतरवून मेनूतून फायनलाइज करा, म्हणजे लेखन बंद करून ती इतर प्लेअरसाठी तयार करा. ते केलं नाही तर बहुतेक प्लेअर ती डीव्हीडी वाचत नाहीत. त्या डीव्हीडी दुसऱ्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालवून बघेपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.