जुनी सुपर्ब व्ही-सिक्स घ्यायचीय? मग मागच्या चाकांपासून सुरुवात करा

गाडी विकणारा आधी बॉनेट उघडतो. स्टार्टर मारतो, दोनदा रेस करून दाखवतो आणि म्हणतो, "इंजन मख्खन शे भो!" असेलही. पण तुम्ही स्कोडा सुपर्बची ३.६ लिटरची व्ही-सिक्स फोर-बाय-फोर, म्हणजे सहा सिलिंडरची, चारही चाकांना ताकद देणारी गाडी बघायला गेला असाल, तर बॉनेट त्याला खुशाल उघडू द्या आणि तुम्ही गाडीच्या मागे जाऊन खाली वाका. या गाडीत पैसे वाचतात किंवा बुडतात ते मागच्या एक्सलवर आणि चार टायरांवर.

माझं गॅरेज जळगावात, अजिंठा चौफुलीच्या बाजूला. रावेर-यावलची केळीवाली मंडळी, सराफ बाजारातली पोरं, एखाद-दुसरे डॉक्टर मुंबई-पुण्याहून या गाड्या हौसेने आणतात. दोष त्यांना देत नाही. २००९ साली आलेली ही गाडी घरातल्या सगळ्यांना ऐसपैस बसवते, मागे पाय पसरून झोपता येईल इतकी जागा, दारात छत्री ठेवायला खाचा, डिकी नुसती उघडा नाहीतर काचेसकट सगळं झाकण वर करा. आणि ३५९७ सीसीचं २६० अश्वशक्तीचं इंजिन हे सगळं कुटुंब साडेसहा सेकंदांत शंभरच्या वेगाला नेतं. आज ती नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी पैशात मिळते. भुरळ पडणारच. त्यात स्कोडाचा कारखाना शेंद्र्याला, म्हणजे आपल्या कन्नड घाटापलीकडेच, त्यामुळे लोकांना ती घरचीच वाटते. पार्टच्या किमती मात्र घरच्या नाहीत.

आधी चारही चाकांना ताकद कशी जाते ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पोपटपंची होईल. इंजिन आडवं बसवलंय, गिअरबॉक्स पुढच्या चाकांना जोडलाय. गिअरबॉक्सच्या बाजूला एक कोनी गिअरची पेटी आहे, तिथून लांब शाफ्ट मागे जातो. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीच्या तोंडाशी हॅल्डेक्स नावाचं कपलिंग आहे. तेलात बुडालेल्या क्लचप्लेटा, एक विजेवर चालणारा छोटा पंप आणि एक व्हॉल्व्ह. कॉम्प्युटर सांगेल तेवढा दाब पंप देतो, प्लेटा घट्ट होतात, मागची चाकं कामाला लागतात. या चौथ्या पिढीच्या हॅल्डेक्सला पुढचं चाक आधी घसरायची वाट बघावी लागत नाही, दाब आधीच तयार असतो. ऑडीच्या त्याच काळातल्या ए-फोर क्वाट्रोत इंजिन उभं आणि मध्ये टॉर्सन नावाचं गिअरचं डिफरन्शियल. ते वेगळं घराणं, १९८० सालच्या मूळ क्वाट्रोच्या वंशातलं. दुकानात कोणी "दोन्ही सारखंच" म्हणाला तर तिथे गाडी लावू नका.

हॅल्डेक्सचा पंप मेला तर गाडी बंद पडत नाही, हीच खरी गोम आहे. ती गुपचूप पुढच्या दोन चाकांवर चालत राहते. मालकाला कळतच नाही, कारण जळगाव-धुळे कोरड्या हायवेवर फरक जाणवायचं कारण नाही. कपलिंगचं तेल ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. लिटरभरही लागत नाही, पण ते डिफरन्शियलच्या तेलापासून वेगळं असतं. बिलं मागा. "डिफरन्शियल ऑइल बदललं" असं बिल दाखवतील, त्यावर समाधान मानू नका. हॅल्डेक्सचं वेगळं नाव हवं. प्लेटांची झीज त्या तेलात उतरून गाळ होतो आणि तो पंप खातो.

तपासायचं कसं? गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावा आणि त्यात २२ नंबरचा कप्पा उघडा, तो फोर-व्हील ड्राइव्हचा. नुसते एरर बघून थांबू नका. बरेच जण विकायच्या आदल्या रात्री एरर पुसतात. म्हणून गाडी चालवून आणा आणि परत लावा. त्यानंतर मुरमाचा उतार शोधा. आपल्याकडे त्याची कमी नाही, कुठल्याही प्लॉटिंगच्या जागेवर ढीग पडलेले असतात. पुढची चाकं भुसभुशीत मुरमात, मागची घट्ट जमिनीवर, स्टिअरिंग सरळ. एक माणूस बाहेर उभा करा आणि अ‍ॅक्सिलेटर हळू दाबा. कपलिंग जिवंत असेल तर पुढची चाकं अर्धा फेरा घसरतात न घसरतात तोच मागून ढकलल्यासारखं होऊन गाडी वर येते. पुढची चाकं खडे उडवत राहिली आणि मागची दगडासारखी थांबली, तर तिथेच भाव पाडा. पावसाळ्यात हे काळ्या मातीत करू नका. गाडीचं पोट खाली आहे आणि ती माती ओली झाली की ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय सोडत नाही.

दुसरी परीक्षा मोकळ्या आवारात. उन्हाळ्यात कापसाच्या जिनिंग मिल बंद असतात, वॉचमन ओळखीचा असला की झालं. स्टिअरिंग पूर्ण वळवा, डी-मध्ये टाका आणि ब्रेक सोडून नुसती रांगू द्या, आधी डावीकडे, मग उजवीकडे. गाडी तेलासारखी गोल फिरली पाहिजे. अडखळत, उड्या मारत फिरली, तर कपलिंग सुटत नाहीये किंवा टायर वेगवेगळे आहेत.

आता टायर. यावर मी गिऱ्हाइकांशी भांडतो. टायर घासला की त्याचा घेर कमी होतो आणि तेवढंच अंतर कापायला तो जास्त फिरतो. समजा पुढचे दोन टायर मागच्यांपेक्षा ३ मिलिमीटर जास्त घासलेत. घेरात फरक पडतो सुमारे १९ मिलिमीटर. १७ इंची चाक किलोमीटरला साधारण ५०० फेरे घेतं. म्हणजे किलोमीटरमागे साडेनऊ मीटरची तफावत. जळगावहून धुळ्याला पोचेपर्यंत ती आठशे मीटरच्या वर जाते. ही तफावत कपलिंगमधल्या प्लेटा घासून भरून काढतात, आणि कॉम्प्युटरला वाटतं चाक घसरतंय. साध्या गाडीत "पुढचे दोन नवे टाकू, मागचे पुढच्या वर्षी" चालतं. इथे नाही. चारही एका कंपनीचे, एकाच डिझाइनचे, आणि नक्षीच्या खोलीत दोन मिलिमीटरहून जास्त फरक नको. खोली मोजायचं गेज स्पेअर पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळतं. प्रत्येक टायर आत, मध्ये आणि बाहेर असा तीन ठिकाणी मोजा.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. आपल्याकडच्या मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या आसपास असतो, डांबर त्याहून तापलेलं. नक्षी भरपूर दिसली तरी पाच-सहा वर्षांचं रबर मला नको असतं. बोटाने दाबलं की बारीक चिरा उघडतात, त्या बघा. नवे चार घ्याल तेव्हा पाचवा पण घ्या आणि आलटून पालटून फिरवत राहा. नाहीतर पारोळ्याच्या पुढे एक टायर फुटला की तेवढ्यासाठी चार बदलायची वेळ येते.

शाफ्टच्या मधल्या बेअरिंगभोवती रबर असतं, ते फाटलं की साठ-सत्तरच्या वेगाला पायाखाली गुणगुण येते. लिफ्टवर घेऊन हाताने हलवा. कोनी पेटीच्या जोडावर तेलाचा ओलावा असेल तर पुसा, फिरवून आणा, परत बघा.

गिअरबॉक्स सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, क्लच तेलातले. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डब्यापेक्षा हा भरवशाचा, पण याचंही तेल आणि फिल्टर ६०,०००ला बदललं पाहिजे. सकाळच्या गारव्यात कुठलाही गिअरबॉक्स शहाण्यासारखा वागतो. दुपारी एकला जा. एसी फुल, अर्धा तास बाजारातल्या गर्दीत रेंगाळा, मग चढावर थांबून उचला. पहिल्या-दुसऱ्यात थरथर, रिव्हर्स टाकल्यावर विचार करणं, ही लक्षणं तेव्हाच बाहेर पडतात. त्याच फेरीत रेडिएटरचे दोन्ही पंखे आणि कूलंटचा काटा बघून घ्या. काटा ९०वरून हलता कामा नये. टाकीतलं पाणी गुलाबी-जांभळं हवं. पांढुरकं किंवा गढूळ दिसलं तर कोणीतरी बोअरचं पाणी ओतलंय. आपलं बोअरचं पाणी किती जड असतं ते बादलीवरच्या खारावरून सांगायला नको.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण ते खरंच दणकट आहे. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड आली तर टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी, ताणलेली समजा. आणि चेन आहे गिअरबॉक्सच्या बाजूला. म्हणजे गिअरबॉक्स, कोनी पेटी, शाफ्ट सगळं उतरवल्यावर ती दिसते. मजुरीचा आकडा आधी विचारा, मग गाडीचा भाव बोला. दुसरं, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी धरते. थंड असताना इंजिन अडखळत असेल तर मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणारा नळ्यांचा भाग, उतरवून साफसफाई करावी लागेल. पेट्रोलच्या रबरी पाइपांना नाक लावून बघा, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि हे पाइप त्याच्या आधीच्या काळातले. अ‍ॅव्हरेज विचारू नका. विचारायचं असेल तर डिझेल घ्या.

कागदपत्रांत २००९-१० च्या गाड्यांची पंधरा वर्षं संपलीत. आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी नव्याने झालेली नसेल तर ते काम विकणाऱ्याने करून द्यावं, ग्रीन टॅक्ससकट. बँकेचा बोजा उतरलाय का, तेही आरसीवरच बघा, तोंडी नाही.

एक गोष्ट घेण्याआधीच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, ड्रायव्हर असेल तर त्याला सगळ्यात आधी. गाडी रस्त्यात बंद पडली तर हायवेवर जी क्रेन येते ती पुढची चाकं उचलते आणि मागची जमिनीवर फरफटत नेते. साध्या पुढच्या चाकांच्या गाडीला ते बरोबर. हिला नाही. इंजिन बंद, तेलाला दाब नाही, कपलिंगमधल्या एका बाजूच्या प्लेटा फिरतायत आणि दुसऱ्या बाजूच्या थांबलेल्या. माझ्याकडे एरंडोलहून अशी ओढत आणलेली एक गाडी आली होती, बंद पडली होती साध्या इग्निशन कॉइलमुळे. कॉइल अर्ध्या तासात बदलली. कपलिंगचं तेल काढलं तेव्हा ते काळं होतं आणि करपट वास मारत होतं. मालकाने क्रेनवाल्याला शिव्या दिल्या, पण क्रेनवाल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून फोनवर आधी विचारायचं, "फ्लॅटबेड आहे का? चारही चाकं वर घेणार का?" नाही म्हणाला तर फोन ठेवायचा आणि दुसऱ्याला लावायचा, दोन तास सावलीत बसावं लागलं तरी.