व्हिनब्लास्टिनचा व्होल्टॅमोग्राम घेताना

माझ्याकडे प्रोजेक्टला येणारी मुलं आल्या आल्या व्हिनब्लास्टिन या कर्करोगावरच्या औषधाची कुपी मागतात. ती मिळते, पण नुसत्या बफरचा स्कॅन दाखवल्यावर. व्होल्टॅमेट्रीत, म्हणजे इलेक्ट्रोडवरचा विद्युतदाब बदलत नेऊन करंट मोजण्याच्या पद्धतीत, काही ना काही आलेख हमखास येतो. त्यातलं शिखर औषधाचं की इलेक्ट्रोडवरच्या घाणीचं, हे छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे.

म्हणून सुरुवात इलेक्ट्रोडपासून. ३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन (काचेसारख्या कडक कार्बनचा इलेक्ट्रोड) घ्या. पॅडवर आधी ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉनची अल्युमिना पाण्यात कालवून, इलेक्ट्रोड अगदी उभा धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. जोर लावू नका. शुद्ध पाण्याने धुवा, अर्धा मिनिट सॉनिकेटरमध्ये धरा आणि त्यानंतर पृष्ठभागाला टिश्यूसुद्धा लावू नका. मग पृष्ठभाग स्वच्छ झाला का ते बघायला १ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये १ मिलिमोलर फेरिसायनाइड घेऊन सेकंदाला १०० मिलिव्होल्ट वेगाने स्कॅन करा. दोन शिखरांतलं अंतर आदर्श स्थितीत ५९ मिलिव्होल्टच्या आसपास असतं. ऐंशीपर्यंत मी चालवून घेते. शिखराचा करंट किती यायला हवा ते सांगणाऱ्या रँडल्स-सेव्हचिक समीकरणात आकडे घातले तर तो १६-१७ मायक्रोअँपिअर यायला हवा. बराच कमी आला तर परत पॉलिश. इथे कंटाळा केलात तर पुढचे सगळे आलेख वाया.

बफर ब्रिटन-रॉबिन्सन: फॉस्फोरिक, अ‍ॅसिटिक आणि बोरिक आम्ल प्रत्येकी ०.०४ मोलर, आणि सोडियम हायड्रॉक्साइडने हवा तो पीएच. संदर्भ इलेक्ट्रोड सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा, तिसरी प्लॅटिनमची तार.

आता औषध. हे पेशी मारणारं रसायन आहे, त्यामुळे भुकटी हूडमध्येच तोलायची, हातमोजे दुहेरी, आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही. व्हिनब्लास्टिन सल्फेटचा रेणुभार ९०९. ५ मिलिलिटर पाण्यात साडेचार मिलिग्रॅम घातलं की साधारण १ मिलिमोलर द्रावण तयार. ते फ्रीजमध्ये, अंधारात ठेवा. १० मिलिलिटर बफरमध्ये यातले १०० मायक्रोलिटर टाकले की १० मायक्रोमोलर, आणि तेवढं पुरतं. कॅम्प्टोथेसिन हे दुसरं कर्करोगविरोधी रसायन घेणाऱ्यांनी मात्र सांभाळा. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, डीएमएसओ हे द्रावक लागतं. शिवाय पीएच ७ च्या पुढे त्याच्या रेणूतलं लॅक्टोनचं कडं उघडायला लागतं. आम्लापासून अल्कलीपर्यंत ऐटीत मालिका काढलीत, तर तुम्ही दोन वेगवेगळे रेणू मोजलेले असतात.

शून्यापासून +१.२ व्होल्टपर्यंत जा आणि लगेच दुसरी फेरी घ्या. दुसऱ्या फेरीत शिखर खचलं, तर ऑक्सिडेशनने तयार झालेला पदार्थ कार्बनला चिकटतोय असं समजा. व्हिनब्लास्टिनसारख्या, इंडोल गट असलेल्या रेणूंची ही जुनी खोड. अशा वेळी फक्त पहिली फेरी धरायची आणि प्रत्येक स्कॅनआधी पुन्हा पॉलिश.

माझा आवडता भाग यापुढचा. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर यांनी सदाफुलीच्या पानांचा अभ्यास सुरू केला होता तो मधुमेहासाठी. अर्काने पांढऱ्या पेशी घटतात असं दिसलं आणि त्यातून व्हिनब्लास्टिन हाती आलं. त्याचा सख्खा भाऊ व्हिनक्रिस्टिन. फरक एवढाच, की रेणूच्या विंडोलिन नावाच्या अर्ध्या भागातल्या नायट्रोजनवर व्हिनब्लास्टिनकडे मिथाइल आहे, व्हिनक्रिस्टिनकडे फॉर्माइल. फॉर्माइल इलेक्ट्रॉन ओढून धरतो, म्हणजे त्या जागचं ऑक्सिडेशन अवघड व्हायला हवं. दोन्ही औषधं त्याच बफरमध्ये, त्याच वेगाने शेजारीशेजारी चालवा. शिखर सरकलं तर इलेक्ट्रॉन कुठून निघतोय याचा धागा सापडला. अंदाजाने यंत्रणा रेखाटण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

स्कॅनचा वेग बदलून करंटचा लॉग-लॉग आलेख काढा. उतार ०.५ असेल तर विसरण (रेणू द्रावणातून इलेक्ट्रोडकडे येतायत), १ च्या जवळ असेल तर अधिशोषण (रेणू पृष्ठभागाला चिकटलेत). अधलंमधलं काही आलं तर एक सोपी चाचणी: इलेक्ट्रोड औषधात बुडवा, धुवा, कोऱ्या बफरमध्ये स्कॅन करा. शिखर तरीही दिसलं, तर रेणू पृष्ठभागावर बसलाय. पीएचमागे ५९ मिलिव्होल्टचा उतार आला तर प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन समसमान एवढंच कळतं, किती ते कळत नाही. ‘दोन इलेक्ट्रॉन, दोन प्रोटॉन’ असं सवयीने लिहू नका.

प्रमाण मोजायला डिफरन्शियल पल्स (दाबाचे छोटे ठोके देऊन करंटमधला फरक मोजणारी पद्धत) वापरा, ५० मिलिव्होल्टचा पल्स ठीक. शोधमर्यादा म्हणजे ब्लँकच्या (औषध नसलेल्या बफरच्या) प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले प्रमाण-करंट रेषेचा उतार. त्यातला प्रत्येक ब्लँक ताज्या पॉलिशवरचा हवा. रक्तद्रवात मोजायचं असेल तर नमुन्यातच औषधाचं ठरावीक माप घालत जायचं, म्हणजे स्टँडर्ड अ‍ॅडिशन.

डीएनएचं प्रकरण जोडायचा मोह सगळ्यांना होतो. शिखर धन बाजूला सरकलं की रेणू डीएनएच्या शिडीतल्या पायऱ्यांच्या मधे शिरला, असं लिहून मोकळे होतात. पण व्हिनब्लास्टिनचं लक्ष्य डीएनए नसून ट्युब्युलिन हे पेशीतलं प्रथिन आहे. शिवाय डीएनएने पृष्ठभाग झाकला तरी करंट उतरतो. त्यामुळे डीएनएच्या द्रावणातून काढलेला इलेक्ट्रोड धुऊन नुसत्या औषधात पुन्हा तपासा. करंट तिथेही उतरलेलाच असेल, तर ते प्रकरण प्रबंधातून काढून टाका.