‘मी जातो’ की ‘मी जाते’? रोल-प्लेइंगमध्ये वेगळ्या लिंगाचं पात्र कसं खेळावं

पावसाळ्यातल्या रविवारी म्हापशात किंवा फोंड्यात कुणाच्या तरी घरी चारपाच जण फासे घेऊन बसतात. मग एखादा म्हणतो, ‘यंदा मी बाईचं पात्र घेणार.’ किंवा एखादी सांगते, ‘माझा सरदार मिशीवाला.’ तिथून पुढे काय करायचं, त्याबद्दल हा लेख आहे.

खेळ अजिबात माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. गेम मास्टर प्रसंग सांगतो आणि प्रत्येक खेळाडू आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते सांगतो. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा, बहुतेक वेळा वीस बाजूंचा.

१. आधी माणूस लिहा

कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहिण्याच्या कागदावर, ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ लिहिण्याआधी तीन ओळी लिहा: या पात्राला काय हवंय, ते कुणाला घाबरतं आणि कुणाचं देणं लागतं. उदाहरणार्थ शेवंता. वय पन्नास, खाडीकाठी मिठागर, स्वतःची होडी. दलालाने लागोपाठ तीन हंगाम मीठ कमी मापाने घेतलं आणि कोतवालाने तिची तक्रार ऐकलीच नाही. आता ती पार्टीबरोबर, म्हणजे बाकीच्या खेळाडूंच्या पात्रांबरोबर, शहरात निघालीय ती हिशेब चुकता करायला. ती बाई आहे हे तिच्या बोलण्यात, तिला मिळणाऱ्या वागणुकीत दिसेलच, पण प्रत्येक प्रसंगात पुढे जायला तिला कारण पुरवतं ते मीठ.

शीटवर पात्राच्या ताकदीसारख्या गुणांना आकडे द्यायचे असतात, त्यांची चिंता करू नका. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात, स्त्री पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा कमी कमाल मर्यादा होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती काढून टाकली, आणि ते बरंच झालं. शेवंताला ताकद १८, म्हणजे अगदी वरच्या टोकाची, हवी असेल तर खुशाल द्या. रोज मिठाच्या पाट्या उचलणाऱ्या बाईला ती शोभते.

२. टेबलावर आधी सांगून टाका

खरा खेळ सुरू होण्याआधी सगळे मिळून नियम ठरवतात त्या बैठकीला सेशन झिरो म्हणतात. तिथे एका वाक्यात सांगा: ‘माझं पात्र बाई आहे, तिला ती म्हणा.’ कारण द्यायची गरज नाही. कुणी विचारलंच, तर ‘पात्र असंच सुचलं’ एवढं उत्तर भरपूर आहे.

याच बैठकीत काय चालेल आणि काय नाही तेही ठरवा. रॉन एडवर्ड्स या गेम डिझायनरची एक साधी विभागणी यासाठी सोयीची आहे. काही गोष्टी खेळात येणारच नाहीत, तर काही येतील पण पडद्याआड घडतील. जबरदस्ती, छेडछाड, बाळंतपण, प्रेमप्रसंग हे कुठल्या बाजूला जाणार ते बोलून घ्या. शिवाय जॉन स्टाव्हरोपोलोस यांनी सुचवलेलं एक्स-कार्ड, म्हणजे ‘X’ लिहिलेला एक कागद, टेबलाच्या मध्यभागी ठेवा. कुणीही त्याला हात लावला की प्रसंग तिथेच बदलायचा, ‘का’ विचारायचं नाही.

३. क्रियापदं घोटून घ्या

खरी अडचण इथे आहे, आणि इंग्रजीत खेळणाऱ्यांना ती कळणारही नाही. ‘आय ओपन द डोअर’ म्हणणारा पुरुष की बाई, ते वाक्यातून कळत नाही. मराठीत ‘मी दार ढकलतो’ की ‘ढकलते’ हे दर पाळीला ठरवावं लागतं, आणि खेळात तर आपण सतत वर्तमानकाळातच बोलत असतो. घाईच्या लढाईत जीभ आपल्या सवयीकडे वळते, शेवंता एकदम ‘मी उडी मारतो’ म्हणते आणि टेबल हसतं.

घरी दहा-पंधरा वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा: मी चढते, मी लपले, मी थांबलेय, मी ऐकत होते. मुलग्याचं पात्र घेणाऱ्या मुलीने उलटं. चुकलं तर थांबून माफी मागू नका, दुरुस्त रूप म्हणा आणि पुढे जा.

सवय होईपर्यंत मराठीच थोडी मदत करते. कर्म असलेल्या भूतकाळात बोलणाऱ्याचं लिंग बहुधा दिसत नाही: ‘मी तलवार उपसली’, ‘मी बाण सोडला’, ‘मी कुलूप फोडलं’ सगळ्यांना सारखंच. ‘मी जाईन’, ‘मला वाटतं’, ‘मला तिकडे जायचंय’ हेही तसंच. स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणारं पात्र खेळायचं असेल, तर हीच रूपं शेवटपर्यंत चालवता येतात. जरा कसरत होते, पण जमतं. आपल्याकडे टेबलावर मध्येच कोंकणी सुरू होते तेव्हा थोडी सुटका मिळते, कारण ‘हांव वतां’ दोघांनाही चालतं. भूतकाळात मात्र ‘गेलों’ की ‘गेलें’ हा प्रश्न तिथेही आहेच.

अगदीच अडलं तर तृतीय पुरुषात बोला: ‘शेवंता दार ढकलते.’ ते कमी दर्जाचं खेळणं नव्हे. उत्तम खेळाडूही असं खेळतात. गेम मास्टरनेही ‘तू काय करतोस?’ ऐवजी ‘शेवंता काय करते?’ असं विचारावं. समोर दुमडलेल्या पुठ्ठ्यावर पात्राचं नाव आणि खाली ‘ती’ लिहून ठेवलं की बाकीच्यांचीही जीभ घसरत नाही.

४. आवाज बारीक करू नका

हे मी आग्रहाने सांगेन. पुरुषाने काढलेला किनरा आवाज पाच मिनिटांत विनोद होतो आणि तासाभरात घसा बसतो. मुलीने काढलेल्या घोगऱ्या आवाजाचंही तेच.

त्याऐवजी कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की पेडण्याकडे दशावतार हे लोकनाट्य पाहायला जा. त्यात स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात आणि संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बोलणं मात्र रंगमंचावर तिथल्या तिथे. आपल्या खेळाच्या इतकं जवळचं दुसरं काही मला तरी माहीत नाही. राणीचं काम करणारा नट समोरचा बोलत असताना काय करतो ते बघा: कधी नजर वळवतो, पदर कधी सावरतो, उत्तर देण्याआधी किती थांबतो. टेबलाशी बसून पदर सावरायचा नाहीये, पण थांबणं उचलता येतं. शेवंता कोतवालाला लगेच उत्तर देत नाही, आधी त्याच्या चपला बघते, एवढ्याने काम होतं.

गोव्याला ही गोष्ट नवी नाही. मंगेशीचे मास्टर दीनानाथ संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत, आणि बायकांच्या नाटक मंडळ्यांत पुरुषांची कामं बायकाच करत. तेव्हा घरातल्या मोठ्यांनी भुवया उंचावल्या तर सांगायला उदाहरणं आहेत.

५. काय टाळावं

दर गावात कुणालातरी भुरळ घालणारी नर्तकी. अत्याचार हीच जिची सगळी पूर्वकथा आहे अशी सूडकन्या. सारखी किरकिर करणारी सासू. पुरुषांच्या बाजूने, दारू पिऊन टेबलावर मूठ आपटण्यापलीकडे काही न करणारा शिपाई. अशी पात्रं दुसऱ्या सेशनला संपतात, कारण त्यांच्यात पुढे घडायला काही नसतं. टेबलावर खरोखरच्या बायका बसलेल्या असतील, तर त्यांच्यासमोर हे खेळताना आपण कुणाची नक्कल करतोय ते लक्षात येईलच.

बाकीच्या खेळाडूंसाठी एकच सूचना: पात्र बाई झालं म्हणून त्या खेळाडूशी लाडीक बोलू नका, आणि ‘तू खऱ्या आयुष्यातही…?’ हा प्रश्न गिळून टाका. काहींना अशा खेळातून स्वतःबद्दल काही उमगतं, काहींना फक्त मजा येते. सांगायचं असेल ते तेच सांगतील.

६. पहिल्यांदा एकाच बैठकीचा खेळ घ्या

तीन-चार तासांत संपणारी गोष्ट निवडा, वर्षभराची मोहीम नको. संपल्यावर एकाच विश्वासू खेळाडूला विचारा, ‘शेवंता कुठे खोटी वाटली?’ सगळ्यांना विचारलंत तर चर्चा भजी संपेपर्यंत चालेल आणि हाती काही लागणार नाही. पात्र जमलं नाही तर गेम मास्टरला सांगून ते त्याच्याकडे सोपवा. मिठागर आणि होडी असलेली बाई त्याला कुठल्याही बंदरात वापरता येईल, आणि तुम्ही नवीन शीट भरायला घ्या.